रक्ताच्या वाटेवरचे लेप : प्रस्तावना

डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाचे रक्त मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर वेगाने नळीतून यंत्राकडे जात असते. यंत्राला उभ्या लावलेल्या पारदर्शक नळकांड्यात बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. धागे दहा हजारांच्या आसपास, आणि त्या सगळ्यांचा आतला पृष्ठभाग मोजला तर दीड चौरस मीटरच्या घरात जातो. चार तासांत अंगातले सगळे रक्त या धाग्यांतून दहा-बारा वेळा फिरून येते. हे आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे. धाग्याच्या पृष्ठभागाला टेकले की रक्ताला एवढेच कळते की आपण आपल्या वाहिनीत नाही, म्हणजे कुठेतरी जखम झाली आहे. मग ते गोठायला लागते. गोठू नये म्हणून रुग्णाला हेपरिन देतात, आणि त्याची किंमत सगळे शरीर मोजते. पोटातला एखादा व्रण वाहू लागतो, सुई काढल्यावर हातातून येणारे रक्त लवकर थांबत नाही.

सगळ्या रक्ताला औषध देण्याऐवजी त्या धाग्याच्या पृष्ठभागालाच काही करता आले तर? या पुस्तकातले सगळे लेखन या प्रश्नाभोवती फिरते. डायलायझर, कॅथेटर, स्टेंट, कृत्रिम रक्तवाहिनी, हृदयाची झडप, ऑक्सिजनेटर अशा रक्ताशी थेट गाठ पडणाऱ्या वस्तूंवर चढवायचे लेप हा त्याचा विषय. लेपाची जाडी बहुधा काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत असते. त्याच्याकडून अपेक्षा मात्र दरवर्षी वाढत चालल्या आहेत. गुठळी होऊ देऊ नकोस, जंतूंना थारा देऊ नकोस, सूज भडकवू नकोस, आणि जमल्यास शरीराच्या पेशींना बोलावून स्वतःवर खरे अस्तर चढवून घे. या सगळ्या गोष्टी एकाच थराला जमतील का, याबद्दल माझे मत फारसे आशावादी नाही. ते का, हे पुढे येईलच.

पृष्ठभागाचा आणि गोठण्याचा संबंध जुनाच माहीत आहे. जोसेफ लिस्टरने 1863 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात रक्त परक्या वस्तूच्या स्पर्शाने गोठते असे प्रयोगांनिशी मांडले. 1886 मध्ये अर्न्स्ट फ्रॉइंडने भांड्याला आतून व्हॅसलिन फासले आणि त्यात रक्त बराच वेळ पातळ राहते असे दाखवले. रक्तासाठीचा पहिला लेप हवा असेल तर तो हाच. काचेत नेमके काय घडते याचा एक दुवा 1955 मध्ये हाती आला. अमेरिकेतल्या हॅगमन आडनावाच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याचे रक्त काचेच्या नळीत गोठतच नव्हते. त्याच्यात ज्या प्रथिनाची उणीव सापडली ते आज बारावा घटक किंवा हॅगमन फॅक्टर म्हणून ओळखले जाते. ऋणभारित पृष्ठभागावर हे प्रथिन स्वतःच चेतते आणि गोठण्याची साखळी सुरू करते. पुढे हा माणूस गेला तो फुफ्फुसात गुठळी अडकून. काचेत न गोठणारे रक्त शरीरात गोठले. या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी वाचावी असे मला वाटते, कारण नळीतल्या चाचणीवर विसंबून शरीराबद्दल बोलणाऱ्यांची इथे कमतरता नाही.

पेशी पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधी तिथे प्रथिने पोहोचलेली असतात. काही सेकंदांत त्यांचा थर बसतो, आणि पुढे प्लेटलेट असो, पांढरी पेशी असो की जंतू, जो कोणी येतो त्याची गाठ मूळ प्लास्टिकशी न पडता या थराशी पडते. हा थर स्थिरही नसतो. मुंबईच्या लोकलमध्ये चपळ माणसे आधी जागा पकडतात आणि पुढच्या स्टेशनांवर चढणारी धिप्पाड मंडळी त्यांना हळूहळू सरकवतात, तसे इथे चालते. आधी भरपूर संख्येने असलेला अल्ब्युमिन बसतो, मग त्याला हटवून फायब्रिनोजेन, आणि काही पृष्ठभागांवर फायब्रिनोजेनलाही हटवून किनिनोजेन. ही देवघेव लिओ व्रोमनने 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये उलगडली आणि तिला त्याचेच नाव मिळाले. व्रोमन हा डच भाषेतला मोठा कवी. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत दिवस काढून अमेरिकेत आला, दिवसा प्रथिने मोजत राहिला आणि डच कविता लिहीत राहिला. रक्तशास्त्रात आणि आपल्या भाषेच्या साहित्यात अशा दोन्ही ठिकाणी नाव राहिलेला दुसरा माणूस मला चटकन आठवत नाही.

फायब्रिनोजेनचा हा थर दोन वैऱ्यांना एकाच वेळी वाट करून देतो. प्लेटलेटवर त्याला धरणारे ग्राहक असतात, त्यामुळे गुठळीला सुरुवात मिळते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या अंगावरही फायब्रिनोजेनला धरणारे प्रथिन असते, त्यामुळे कॅथेटरवर जंतूंचे ठाणे बसते. गुठळी आणि संसर्ग हे रुग्णालयात दोन वेगळे त्रास म्हणून नोंदले जातात, पण पृष्ठभागावर त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. बहुकार्यक्षम लेपाच्या कल्पनेला खरा शास्त्रीय आधार इथे मिळतो.

आणि आदर्श तर आपल्या अंगातच आहे. निरोगी रक्तवाहिनीचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. तो नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना शांत ठेवतो. त्याच्या अंगावरच्या शर्करेच्या झालरीतले हेपरान सल्फेट अँटिथ्रॉम्बिनला कामाला लावते. थ्रॉम्बोमोड्युलिन हे त्याचे प्रथिन खुद्द थ्रॉम्बिनलाच गोठण्याच्या विरोधात वळवते. इतके करूनही गुठळी झालीच तर ती विरघळवणारे द्रव्यही तोच सोडतो. यातले काय, किती आणि केव्हा सोडायचे हे तो रक्तप्रवाहाच्या घासण्यावरून दर क्षणी ठरवतो. आपले सगळे लेप या अस्तराची अपुरी नक्कल आहेत, आणि चांगल्या संशोधकाला ते ठाऊक असते.

वैद्यकाने मात्र रसायनशास्त्राची वाट पाहिली नाही. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फने 1943 मध्ये डायलिसिसचे यंत्र चालवले ते सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळीवर. 1952 मध्ये आर्थर व्हुरहीस यांनी विन्यॉन-एन या कापडाच्या कृत्रिम रक्तवाहिन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मायकेल डिबेकी यांनी घरच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनची नळी शिवली. फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी हृदय-फुफ्फुस यंत्रावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. हे सगळे शक्य झाले ते हेपरिनमुळे. ते 1916 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सापडले आणि 1930 च्या दशकात टोरांटो आणि स्टॉकहोममध्ये वापरण्याजोगे शुद्ध झाले. बाजारात मिळेल ते प्लास्टिक, आणि रक्ताला हेपरिन. एवढ्या भांडवलावर त्या पिढीने काम केले. वस्तू रक्तासाठी बनवलेली नव्हती, म्हणून तिच्यावर लेप चढवण्याची गरज पडली.

त्यानंतरची सत्तर वर्षे तीन विचारधारांत वाटता येतील, जरी प्रत्यक्षात त्या एकमेकींत मिसळत गेल्या आहेत. पहिली म्हणते, पृष्ठभाग असा करा की रक्ताला त्याची दखलच घ्यावीशी वाटू नये. सिलिकोन, पायरोलिटिक कार्बन, आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पाण्याने फुगलेल्या साखळ्या हा तिचा वारसा. पायरोलिटिक कार्बनने यांत्रिक झडपांचे आयुष्य बदलून टाकले. तरी त्या झडपेच्या रुग्णाला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या जन्मभर चुकल्या नाहीत. या धारेतले सर्वांत देखणे काम जपानचे आहे. पेशीच्या बाह्य पटलावर फॉस्फोरिलकोलिन नावाचा गट असतो, त्याच्यावर धन आणि ऋण दोन्ही भार असतात आणि तो पाणी घट्ट धरून ठेवतो. नोबुओ नाकाबायाशी आणि काझुहिको इशिहारा यांनी हाच गट अंगावर वागवणारा एमपीसी पॉलिमर घडवला. प्रथिने त्यावर फारशी टिकत नाहीत. एव्हाहार्ट या जपानी हृदयसाहाय्यक पंपाच्या आतून तोच लेप आहे.

दुसरी धारा म्हणते, लपून भागणार नाही, पृष्ठभागाने काम केले पाहिजे. व्हिन्सेंट गॉट आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये ग्राफाइटच्या थरावर बेंझाल्कोनियम आणि त्यावर हेपरिन बसवून दाखवले. बेंझाल्कोनियम हे साधे जंतुनाशक, पण त्याच्या धन भाराला हेपरिनचा ऋण भार चिकटून राहिला. अडचण एवढीच की नुसत्या विद्युतभाराने धरलेले हेपरिन रक्तात झिरपून जाई. रासायनिक बंधाने पक्के बांधावे तर रेणू जागोजागी जखडला जाई आणि निकामी होई. 1983 मध्ये ओले लार्म यांच्या स्वीडिश गटाने वाट काढली. हेपरिनचा रेणू फक्त एका टोकाने बांधायचा. अँटिथ्रॉम्बिनला धरणारा पाच शर्करांचा तुकडा मग रक्तात मोकळा राहतो. कार्मेडा या नावाने हा लेप ऑक्सिजनेटरपासून कृत्रिम रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचला. माझ्या मते लेपांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी एकटी झेप. त्यानंतरच्या कित्येक नव्या लेपांची तुलना अजूनही यालाच समोर ठेवून होते.

हेपरिनची कमजोरी 2008 मध्ये जगाला कळली. ते डुकराच्या आतड्यातून काढतात, आणि त्या वर्षी चीनहून आलेल्या कच्च्या मालात अतिसल्फेटेड काँड्रॉइटिन सल्फेटची भेसळ निघाली. अमेरिकेत अनेक रुग्ण दगावले. शिवाय काही रुग्णांत हेपरिनविरुद्धची प्रतिपिंडे तयार होऊन उलट गुठळ्याच होतात. हेपरिनला पर्याय म्हणून नायट्रिक ऑक्साइडकडे लक्ष त्याआधीच वळले होते. त्याच्या जैविक भूमिकेसाठी 1998 चे नोबेल दिले गेले होते. मिशिगन विद्यापीठात मार्क मायरहॉफ यांच्या गटाने वायू साठवून हळूहळू सोडणारे पॉलिमर केले. साठा संपतो हे त्यांचे दुखणे. मग रक्तात आधीच असलेल्या नायट्रोसोथायॉल संयुगांतून तांबे किंवा सेलेनियम वापरून जागच्या जागी वायू मोकळा करायचा, ही युक्ती पुढे आली.

तिसरी धारा सगळ्यांत धीट. ती म्हणते, शरीराला लेप घालू द्या. हार्टमेट या हृदयसाहाय्यक पंपाच्या पहिल्या पिढीत टायटॅनियमच्या सूक्ष्म गोळ्यांनी पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला होता, म्हणजे त्यावर पातळ गुठळी घट्ट बसावी आणि तिचेच अस्तर व्हावे. गुळगुळीतपणाच्या पंथाला हे पाखंडच वाटले असेल, पण त्या पंपात गुठळी सुटून मेंदूत जाण्याचे प्रमाण आश्चर्यकारकरीत्या कमी राहिले. जेनस स्टेंटवर सीडी-34 विरोधी प्रतिपिंडे बसवली होती, रक्तात फिरणाऱ्या अस्तरपूर्व पेशींना पकडण्यासाठी. पकडलेल्या सगळ्या पेशी हव्या त्याच नसतात, आणि नुसत्या त्या भरवशावर रक्तवाहिनी पुन्हा आकसणे थांबले नाही.

या तिन्हींना एकत्र आणणारी सोय 2007 मध्ये झाली. मसल नावाचा शिंपला समुद्राच्या पाण्यात खडकाला कसा चिकटतो यावरून फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने दाखवले की डोपामिनच्या सौम्य अल्कली द्रावणात कोणतीही वस्तू बुडवली की तिच्यावर चिवट थर बसतो आणि त्यावर हवे ते रेणू जोडता येतात. धातू, टेफ्लॉन, काच, सगळ्यांना एकच कृती. त्यानंतर जोड्यांची लाटच आली. चेंगडूमधल्या साउथवेस्ट जिआओतोंग विद्यापीठात स्टेंटवर तांब्यासह कॅटेकॉलचे जाळे आणि त्यावर हेपरिन बसवले गेले, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडही मिळावा आणि अँटिथ्रॉम्बिनही जागे राहावे. हार्वर्डच्या गटाने घटपर्णीच्या निसरड्या कडेवरून प्रेरणा घेऊन पृष्ठभागावर द्रवाचा अत्यंत पातळ थर बांधला आणि 2014 मध्ये हेपरिनशिवाय रक्त वाहते ठेवून दाखवले. हे प्रयोग वाचताना मन हरखते, याबद्दल वाद नाही.

आता माझी शंका. वेगवेगळे गुण एका थरात एकत्र आले की ते एकमेकांना मारतात. जंतू मारणारे बहुतेक पॉलिमर धनभारित असतात आणि हेपरिन ऋणभारित. दोघांना शेजारी बसवले की ते एकमेकांना निष्प्रभ करू शकतात. चांदीचे आयन जंतूंना घातक, आणि मात्रा वाढली की अस्तरपेशींनाही. प्रथिने अजिबात टिकू न देणारा पृष्ठभाग ज्या पेशींना बोलवायचे त्यांनाही हाकलतो. म्हणून कोणत्याही बहुगुणी लेपाला तीन प्रश्न विचारावेत. हा कोणत्या वस्तूसाठी आहे? किती दिवसांसाठी? आणि कोणता गुण आधी, कोणता नंतर? मानेतल्या शिरेत दोन आठवडे राहणाऱ्या कॅथेटरला अस्तर नकोच असते, तो सहज निघून आला पाहिजे. त्याला गुठळी आणि जंतू या दोनच आघाड्या. स्टेंटला पहिल्या आठवड्यात गुठळी टाळायची असते, पहिल्या काही महिन्यांत स्नायूपेशींची वाढ आवरायची असते आणि त्यानंतर अस्तराखाली गप्प पडून राहायचे असते. एकाच यादीतले चारही गुण दोघांना लावणारा शोधनिबंध मी तरी बाजूला ठेवतो.

स्टेंटची कहाणी याचाच धडा आहे. सिरोलिमस हे द्रव्य ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून माँट्रियालमध्ये वेगळे करणाऱ्या गटाचे प्रमुख भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल होते. ते पॉलिमरमध्ये मिसळून चढवलेला सायफर स्टेंट 2003 मध्ये अमेरिकेत मान्य झाला आणि रक्तवाहिनी पुन्हा आकसण्याचे प्रमाण एकदम घसरले. 2006 मध्ये वर्षभरानंतर अचानक होणाऱ्या गुठळ्यांवरून जगभर खळबळ उडाली. औषधाने स्नायूपेशींबरोबर अस्तरही रोखले होते, आणि औषध संपल्यावर उरलेला पॉलिमर काही जणांत सूज धरून बसला होता. मृतांच्या रक्तवाहिन्या तपासून हे चित्र पुढे आणणाऱ्यांत भारतीय वंशाच्या रेणू विरमानी अग्रणी होत्या. त्यानंतर लेप पातळ झाले, काही विरघळणारे झाले. सुरतेच्या सहजानंद कंपनीचा विरघळत्या पॉलिमरचा सुप्राफ्लेक्स स्टेंट युरोपातल्या टॅलेंट चाचणीत नावाजलेल्या झायन्स स्टेंटच्या तोडीस तोड ठरला, आणि तो निष्कर्ष 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये आला.

भारताचा दुसरा धडा लेपाविनाचा आहे. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे तरुण वयातच शस्त्रक्रियेला येतात, आणि आयात झडप परवडत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने झडपेची आधीची मॉडेल बाद करत चौथे उभे केले. चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, पिंजरा कोबाल्ट मिश्रधातूचा. 6 डिसेंबर 1990 रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. लेप मुळीच नाही. साधे पदार्थ योग्य निवडले, झीज आणि प्रवाह नीट तपासले, एवढेच. लेपाच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे मुद्दाम लिहितो, कारण लेप हा पहिला उपाय कधीच नसतो. आधी आकार, मग पदार्थ, मग लेप.

मग आजच हा विषय मराठीत का? कोविडच्या काळात इक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र, हा शब्द घराघरांत पोहोचला, आणि आठवडेच्या आठवडे ऑक्सिजनेटरवर राहिलेल्या रुग्णांत एकीकडे गुठळ्या आणि दुसरीकडे रक्तस्राव असा पेच डॉक्टरांनी रोज अनुभवला. मधुमेहामुळे डायलिसिसची केंद्रे आता तालुक्याच्या गावीही आहेत. तिथे एक प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर परदेशी संशोधनात फारसे मिळत नाही. आपल्याकडे एकाच रुग्णाचा डायलायझर धुऊन अनेकदा पुन्हा वापरतात. पेरासिटिक आम्लाने किंवा ब्लीचने धुतल्यावर एकदाच वापरण्यासाठी बनवलेला लेप पाचव्या वेळेला कसा वागतो? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एखाद्या रसायन विभागाने आणि शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून सोडवण्याजोगा आहे, आणि त्याला फार महागडी उपकरणे लागत नाहीत.

नियमांच्या बाजूनेही जाग येते आहे. आयएसओ 10993 या मानकाच्या चौथ्या भागात रक्ताशी होणाऱ्या परस्परक्रिया कशा तपासाव्यात ते दिले आहे. तरीही कागदावर उत्तीर्ण झालेला लेप शरीरात सोलून निघतो. 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कॅथेटर आणि गाइडवायरवरचे निसरडे लेप सुटून रक्तात जात असल्याची सूचना काढली होती. लेप किती चांगला यापेक्षा तो जागेवर किती दिवस राहतो, ही मोजणी अनेक प्रयोगशाळा अजून टाळतात.

या पुस्तकाचे लेखक वेगवेगळ्या विद्याशाखांचे आहेत, आणि एकमेकांशी नेहमी सहमत नाहीत. संपादकांनी ते मतभेद घासूनपुसून टाकले नाहीत याचे मला समाधान आहे. पुस्तकाची धडपड एवढी की रसायनाच्या पदवीधराला रक्त कळावे आणि अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला पॉलिमर कळावा. परिभाषा शक्य तिथे मराठी आहे, आणि जिथे रुग्णालयात इंग्रजी शब्दच बोलला जातो तिथे तोच ठेवला आहे. सूत्रे वगळून वाचली तरी मुख्य युक्तिवाद हाती लागतो. जनावरांवरच्या प्रयोगांबद्दल मात्र पुस्तक हात आखडता घेते. ससा, मेंढी आणि माणूस यांचे रक्त गोठण्यात कसे वेगळे वागते, यावर अधिक पाने हवी होती.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुणाला स्टेंट किंवा झडप बसवलेली आहे त्यांना एक विनंती. 2017 पासून स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आहे, आणि बिलात स्टेंटचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. ते बिल आणि डिस्चार्ज कार्डावरचा स्टिकर जपून ठेवा. उपकरणामुळे काही विपरीत घडल्याची शंका आली तर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे 2015 पासून सुरू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात तक्रार नोंदवता येते, आणि ती डॉक्टरांप्रमाणेच रुग्णालाही करता येते.